वाचकांचे प्रश्न : दोरीवरची पोर संघात कशी येईल?

गेल्या अंकात सांगलीच्या मैदानावर येणाऱ्या पालावरच्या, म्हणजे भटक्या समाजांच्या तंबूंत राहणाऱ्या मुलांबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर सांगली-सातारा भागातून एवढी पत्रं आली, की हा महिना त्याच विषयाला देते आहे. मी आयुष्यभर खो-खो आणि दोरीचा मल्लखांब शिकवला, निवृत्तीनंतरही संध्याकाळी मैदानावर असते. जे सांगते ते तिथून सांगते. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गावाबाहेर ओढ्याकाठी डोंबाऱ्यांची पालं पडली आहेत. त्यातली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आमच्या वर्गात येऊन बसते. दोरीवर चालते, कोलांट्या मारते. स्नेहसंमेलनात तिचा खेळ ठेवला तर गाव तिचं कौतुक करेल असं मला वाटतं. मुख्याध्यापक म्हणतात, बालमजुरीची भानगड अंगाशी येईल. काय करावं? (एक शिक्षिका, वाळवा तालुका)

बाई, ती 'वर्गात येऊन बसते' असं तुम्ही लिहिलंय. तिचं नाव हजेरीपटावर आहे का? नसेल तर स्नेहसंमेलन राहू द्या, आधी नाव घाला. जन्माचा दाखला नाही, मागच्या शाळेचा दाखला आलेला नाही, अर्धं वर्ष सरलंय, यातलं कुठलंच कारण २००९च्या शिक्षण हक्क कायद्यापुढे टिकत नाही. पटावर नाव नसेल तर ती शालेय स्पर्धेत उतरू शकणार नाही, आणि मला ती तिथे दिसायला हवी आहे.

आता खेळाचं. दोन बाजूंना बांबूच्या कैच्या उभ्या करून ती दोरीवर चालली तर गाव टाळ्या वाजवणारच. कुणी वीसची नोटही पुढे करेल. पण हेच ती बाजाराच्या दिवशी चौकात करते. बाकीच्या मुली शाळेत शिकलेलं काहीतरी दाखवणार आणि ही पोटासाठी करते तेच करणार. दुसऱ्या दिवशी वर्गात तिची ओळख 'डोंबाऱ्याची' अशी पक्की होणार. तुमचा हेतू चांगला आहे, पण असा कार्यक्रम तिला वर्गाच्या आत आणत नाही.

मी काय केलं असतं ते सांगते. शाळेच्या आवारात एखादं दणकट झाड किंवा लोखंडी आडवा खांब बघून दोरीचा मल्लखांब टांगा. खाली जाड गाद्या हव्यातच, त्यात काटकसर नको. दोर सुती असतो. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात तो पकडून वर चढायचं असतं, आणि नव्या मुलीला ही पकड जमायला बराच काळ जातो. पालावरच्या पोरीला ती पहिल्याच दिवशी जमते. तोल तिच्या अंगातच असतो, उंचीची भीती नसते. तिला शिकवावं लागतं ते निराळंच : सुरुवातीची सलामी, क्रमाने येणाऱ्या तिढ्या म्हणजे पायांच्या पकडी, प्रत्येक स्थितीत ठरलेला वेळ थांबणं, आणि घाई न करता उतरणं. हे शेवटचं फार अवघड जातं. चौकातल्या खेळात घाई असते, कारण गर्दी पांगायच्या आत थाळी फिरवायची असते. आमच्याकडे एक गोपाळ समाजाची मुलगी होती, खेळकरी गोपाळांपैकी. स्थिती घेतली की लगेच खाली उतरायची. 'थांब, इथे कुणी निघून जात नाही,' हे तिला पुनःपुन्हा सांगावं लागायचं. ती थांबायला शिकली तेव्हा तिचे गुण वाढले, आणि पुढे वर्गातही ती फळ्यासमोर उभी राहून सावकाश बोलायला लागली.

तेव्हा स्नेहसंमेलनात मल्लखांबाचं पथक उतरवा, पाच-सहा मुलींचं. ही त्यातली एक. सरावात बाकीच्यांना पकड तिने शिकवावी. ज्या मुली तिच्याशेजारी डबा उघडत नव्हत्या त्या 'पाय कसा अडकवायचा गं?' असं तिला विचारायला लागतात. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

तिच्या वडिलांना विसरू नका. त्यांना शाळेत बोलावून खुर्ची द्या. लहान मुलाचं अंग कसं सैल करावं, पडताना डोकं कसं वाचवावं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. शाळा व्यवस्थापन समितीतून किंवा गावातल्या मंडळाकडून त्यांना आठवड्याचे दोन तास मानधनावर बोलावता आलं तर फारच उत्तम. मुलगी सरावाला थांबली की संध्याकाळच्या खेळाचे पैसे बुडतात. हा हिशेब आपण विचारला नाही, तर एक दिवस पाल उठलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.'

मुख्याध्यापकांना सांगा, शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी भाग घेणं ही मजुरी नाही. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. कलाकार म्हणून काम करायला त्यात काही सवलत आहे, पण तीतून सर्कस वगळलेली आहे. धोका पैसे उधळण्यात आहे. मंचावर नोट येणार नाही असं आधीच जाहीर करा.

पालं हलतील तेव्हा शाळेचा दाखला त्यांच्या हातात द्या आणि पुढच्या गावच्या शाळेत स्वतः फोन करा. आजी-आजोबा एका जागी राहत असतील तर मुलीला त्यांच्याकडे ठेवण्याबद्दल घरच्यांशी बोला. आश्रमशाळेचा पर्यायही आहे, पण एवढ्या लहान मुलीला आईपासून तोडून पाठवायला मी पटकन हो म्हणणार नाही.

प्रश्न : मी कराडला समाजशास्त्र शिकते. युरोपात रोमा (जिप्सी) तरुणांना खेळ आणि कलांमधून समाजात सामावून घेण्याचे उपक्रम चालतात असं वाचलं. ते लोक मूळचे भारतातले हे खरं का? त्यांच्या अनुभवातून आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांसाठी काही घेता येईल का? (एक विद्यार्थिनी, कराड)

खरं आहे. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनियामार्गे युरोपात पसरले. त्यांची रोमानी भाषा आपल्या उत्तरेकडच्या भाषांच्याच कुळातली. आज युरोपात ते १ कोटीच्या वर असावेत असा अंदाज आहे. १९७१च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे निळ्या-हिरव्या झेंड्यावर तांबडं चक्र घेतलं गेलं, आणि ८ एप्रिल हा त्यांचा दिवस झाला.

पण आपले डोंबारी, पारधी, कैकाडी म्हणजे रोमांचेच भाऊबंद, असं लगेच जुळवू नकोस. रक्ताचं नातं शोधण्यापेक्षा वागणुकीतलं साम्य पाहा, ते ठळक आहे. रोमांचं संगीत युरोपाने मनापासून ऐकलं. जँगो राइनहार्ट हा १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला गिटारवादक. १९२८च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांवर त्याने जॅझ वाजवायची नवी तऱ्हा घडवली. सगळं पॅरिस त्याला ऐकायला जायचं. आणि त्याच युरोपात रोमांची मुलं वेगळ्या शाळेत बसत राहिली. अठरा चेक रोमा मुलांच्या दाव्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ साली निकाल दिला, की त्यांना मतिमंदांच्या शाळांत ढकलणं हा भेदभाव आहे. संगीताला दाद आणि पोराला वेगळा बाक, हे दोन्ही एकाच समाजात सुखाने नांदू शकतं. कलेच्या उपक्रमाचा विचार करताना हे कधी विसरू नकोस.

खेळाचं उदाहरण मला जास्त छळतं. योहान ट्रोलमान हा हॅनोव्हरचा मुष्टियोद्धा, जर्मनीतल्या सिंती समाजाचा. सिंती म्हणजे रोमांचीच एक शाखा. पाय हलके, सतत हलता, अंदाज न येऊ देणारा. जून १९३३मध्ये बर्लिनला लाइट हेवीवेटच्या राष्ट्रीय किताबाची लढत त्याने गाजवली, प्रेक्षकांनी गोंधळ घातल्यावर किताब त्याला द्यावाच लागला, आणि आठवड्याभरात तो काढूनही घेतला. त्याचं खेळणं 'नाचणं' आहे, जर्मन नाही, असं म्हटलं गेलं. पुढच्या लढतीला तो केस पिवळे रंगवून आणि अंगाला पीठ फासून आला, जागेवर उभा राहून ठोसे खाल्ले आणि पाचव्या फेरीत पडला. पुढे छळछावणीत त्याला मारलं. जर्मन मुष्टियुद्ध संघटनेने त्याचा किताब मान्य केला तो २००३ साली. कराडच्या मैदानावर कुणी मला 'खेळात जातपात नसते' असं सांगतो तेव्हा हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो. खेळाडू कितीही चांगला असू दे, पंच, संघटना आणि कायदा त्याच्या बाजूने नसेल तर त्याचं काही चालत नाही.

मग तिथून घ्यायचं काय? एक तर मिश्र संघ. फक्त रोमा मुलांचा संघ काढला की तो वेगळा पडतो. चेकमधल्या अशा एका फुटबॉल संघाशी खेळायला स्थानिक लीगमधले संघच तयार होईनात. त्यामुळे आपल्याकडे 'भटक्या-विमुक्त चषक' भरवायचा उत्साह कुणी दाखवला तर मला फार आनंद होत नाही. गावच्या संघात त्यांची दोन-तीन मुलं नियमाने असावीत, हे मला मोठं वाटतं. दुसरं, खेळवणारा माणूस त्यांच्यातला हवा. खेळाडू बदलत राहतात, प्रशिक्षक टिकतो, आणि मैदानावर कुणाला काय बोलायचं हे तोच ठरवतो. तिसरं, नाव झालेल्यांनी उघड बोलावं. पोर्तुगालचा फुटबॉलपटू रिकार्दो क्वारेश्मा रोमा वंशाचा आहे. २०२०च्या साथीत एका नेत्याने रोमांसाठी वेगळे निर्बंध मागितले, तेव्हा याने त्याला जाहीर उत्तर दिलं. संघाची जर्सी घालून देशासाठी खेळलेला माणूस बोलला, म्हणून ते ऐकलं गेलं.

युरोपीय संघाने २०२० साली दहा वर्षांची रोमा धोरणचौकट आखली आहे. समता, समावेश आणि सहभाग हे तिचे तीन पाये, आणि त्यांच्यासोबत शिक्षण, नोकरी, आरोग्य, घर. खेळ आणि कला या सगळ्याला हात देऊ शकतात, पण त्याची जागा घेऊ शकत नाहीत. सरावाला येणारा मुलगा रात्री झोपतो कुठे, हे विचारल्याशिवाय आपला उपक्रम पुरा झाला असं मी मानत नाही. तुझ्या जिल्ह्यातलंच बघ. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. शाळेतल्या शिक्षकांनी त्याला आधी धावायला लावलं, मग तो क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी निवासी क्रीडाशाळेत गेला आणि तिथून टोकियो ऑलिंपिकला. त्याच्या घडण्यात प्रबोधिनीतलं जेवण आणि राहणं धनुष्याइतकंच महत्त्वाचं होतं, असं मी मानते.

प्रश्न : आमचं कबड्डी मंडळ तासगाव भागातलं. यंदा पारधी वस्तीवरची तीन पोरं संघात घेतली, चढाईला एक नंबर आहेत. पण काही पालक कुरकुर करतात, आणि सामन्यात समोरचे 'खिसे सांभाळा रे' असं ओरडतात. पोरं आता यायला टाळतात. (मंडळाचा कार्यकर्ता)

दादा, तीन पोरं घेतलीत याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. आता त्यांना टिकवायचं बघा.

ही 'खिसे सांभाळा'ची आरोळी आजची नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे तशी कुंपणातली वसाहत, आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून ठाऊक आहे. १९५२च्या जुलैत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, आणि तो कायदा देशभरातून उठला त्याच वर्षी ३१ ऑगस्टला. म्हणजे स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं तेव्हाही लाखो माणसं कागदावर जन्मजात गुन्हेगार होती. त्या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त जमातींच्या माणसाला तुरुंगात सराईत गुन्हेगार धरणारे नियम तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द केले, एवढा हा डाग चिवट आहे. मंडळाच्या सगळ्या पोरांना बसवून हे एकदा सांगा. भाषण नको, सराव संपल्यावर मातीत बसून सांगा.

मग मैदानावरची शिस्त लावा. कबड्डीत बचावाला साखळी लागते, कोपऱ्यावरचा आणि त्याच्या शेजारचा हातात हात धरून उभे राहतात. सरावात जोड्या तुम्ही लावा आणि रोज बदला. पोरांनी आपापल्या निवडल्या तर वस्तीची पोरं एकमेकांचेच हात धरतील. मोबाइल किंवा पाकीट हरवलं तर एक तर सगळ्यांच्या पिशव्या बघायच्या, तुमच्यासकट, नाहीतर कुणाचीच नाही. मंडळाच्या कपाटाची चावी आळीपाळीने प्रत्येकाकडे द्या, या तिघांकडेही. त्यांची पाळी आली की कुणीतरी 'राहू दे की' म्हणेल, तेव्हा तुम्ही चावी त्यांच्याच हातात द्यायची.

सामन्यात कुणी जातीवरून ओरडलं तर या पोरांनी उत्तर द्यायचं नाही. उत्तर कर्णधाराने द्यायचं, तेही पंचांकडे जाऊन. सामन्याआधीच पंचांना आणि संयोजकांना कल्पना द्या, तक्रार लेखी द्या. ज्या स्पर्धेत ऐकून घेत नाहीत तिथे पुढच्या वर्षी मंडळाने उतरू नये, बक्षीस कितीही मोठं असो. आपल्यासाठी मंडळाने एक स्पर्धा सोडली हे कळलं की पोरं परत येतील.

पालकांना घरी जाऊन भेटा, आणि आठवड्यातून एक सराव वस्तीवर घ्या. तुमची पोरं तिथल्या हापशाचं पाणी प्याली, तिथल्या आयांनी त्यांना खेळताना पाहिलं, की दोन्हीकडची भीती कमी होते. वस्तीवरचे लोकही घाबरलेले असतात. पोर उशिरा परतलं तर रात्री पोलीस उचलतील ही त्यांची रोजची धास्ती आहे. म्हणून सामन्याहून परतताना या तिघांना दारापर्यंत सोडा, आणि मंडळाचं ओळखपत्र फोटोसकट करून द्या.

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय ७१. लहानपणी वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले दारात यायचे. आता त्यांची मुलं कंपनीत जातात, फुटबॉल खेळतात. कला बुडत चालली, याचं वाईट वाटतं. मुलांना खेळाकडे वळवून आपण हे नुकसान वाढवत नाही का?

काका, संबळाचा नाद कानात असलेल्या माणसाचं हे दुःख मला समजतं. पण कला राखायची जबाबदारी त्या पोराच्या एकट्याच्या डोक्यावर का? १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं या मिषाने पैसे मागणंही भिक्षेतच धरलं आहे. आपण ज्याला लोककला म्हणून नावाजतो, त्यासाठी त्याच्या बापाला रस्त्यावर पोलीस पकडू शकतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने ज्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. दारोदार फिरण्याची भीती कुठून येते ते त्यांच्या घरच्यांना विचारावं लागत नाही.

मुलगा फुटबॉलही खेळू शकतो आणि संबळही वाजवू शकतो, त्याला दोन्हींची मुभा हवी. आपण करायचं ते इतकंच : गोंधळ ठेवला तर बिदागी आधी ठरवा, सगळ्यांसमोर सन्मानाने द्या, जेवायला आपल्याच पंगतीत बसवा. गावच्या शाळेत संबळ शिकवायला त्याच्या वडिलांना बोलवा, आणि आपल्या नातवालाही तिथे पाठवा. मिरजेच्या तंतुवाद्यांसाठी जगभरचे लोक तिथे येऊन मोल मोजतात. संबळ वाजवणाऱ्यालाही ते मोल हवं.

प्रश्न : माझा मुलगा जिल्ह्यात पळण्यात दुसरा आला. सर म्हणतात पुढे जातीचा दाखला लागेल. आम्ही वैदू, आमच्याकडे जुना कागदच नाही. (एक आई, जत तालुका)

ताई, पळायला जातीचा दाखला लागत नाही. शालेय स्पर्धेत त्याला वय आणि शाळा यांचे कागद लागतात, ते मुख्याध्यापक देतील. त्यासाठी त्याचं पळणं कुणी थांबवत असेल तर थांबवू देऊ नका.

शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि पुढे नोकरीसाठी मात्र दाखला काढून ठेवा. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा महाराष्ट्रातला पुरावा मागतात. (फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांच्यासाठी तारीख ६ सप्टेंबर १९५०.) सासऱ्यांच्या, चुलतसासऱ्यांच्या शाळेतल्या नोंदी, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली गावाची नोंद, जुनं रेशनकार्ड, वडीलधाऱ्यांपैकी कुणाला मिळालेला दाखला, यातलं काहीही शोधा. नवऱ्याकडच्या नात्यातल्या कुणाचा दाखला पडताळणी होऊन आला असेल तर त्याची प्रत फार उपयोगी पडते. काहीच नसेल तर प्रांत कार्यालयात अर्ज देताना 'आमच्या राहण्याच्या ठिकाणी येऊन चौकशी करावी' अशी लेखी विनंती जोडा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सरांना विचारून मुलाचं प्रमाणपत्र आणि वेळेची नोंद यांच्या दोन प्रती काढा, एक तुमच्याकडे पिशवीत, एक शाळेत. बिऱ्हाड हलवायचं असेल तर विभागीय स्पर्धेची तारीख आधी विचारून घ्या. तेवढे दिवस तो सरांकडे किंवा नातेवाइकांकडे राहू शकतो का, ते आत्ताच ठरवा.